रुख्मिणीने पाय चोळला नाही

"रगड ना वं जोरानं! काहून थांबली?" कौशल्याबाई दारातूनच ओरडल्या.

रुख्मिणीने तेलाचे हात मागे घेतले. प्राजक्ताच्या डाव्या पायावर, फुगलेल्या निळ्या शिरेत, तिच्या बोटांना दोरीसारखं काहीतरी कडक लागलं होतं. काल ते नव्हतं. वरची कातडी लाल आणि तव्यासारखी तापलेली.

"ह्या पायाले मी हात नाई लावत, वयनी. दवाखान्यात न्या हिले."

चांदूर बाजारात चोवीस वर्षं ती बाळंतिणींना न्हाऊमाखू घालत होती. प्राजक्ताच्या शिरा पोटुशी असतानाच फुगल्या होत्या. तरी बाळंत होऊन माहेरी आल्यापासून अकरा दिवस कौशल्याबाईंनी लेकीला खाटेवरच ठेवलं होतं. पाणीसुद्धा मोजून. "थोडी चालू द्या तिले," रुख्मिणी रोज सांगे. "तू मालिश कर, डॉक्टरकी नको करू," हे रोजचं उत्तर.

"आमी सवा महिना खाटेखाली उतरलो नाई. काई झालं का आमाले?" कौशल्याबाईंनी तेलाची वाटी उचलली. "सरक, मी रगडतो."

रुख्मिणीने वाटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"रगडलं अन् गुठळी सुटून छातीत गेली तं? लेकरू कोनाच्या भरोशावर ठेवसान?"

"माह्या पोरीले शाप देतं? उद्यापासून पाय ठेवू नको ह्या घरात!"

"नाई ठेवत. आज पोरीले न्या फक्त."

"आई," प्राजक्ता कण्हली, "मावशी खरं सांगते. पाय टेकवल्या जात नाई माह्यानं."

तिच्या भावाने, गजेंद्रने, गाडी काढली. बाळाला धरायला कोणी हवंच म्हणून रुख्मिणीही बसली.

अमरावतीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर बाळाला घेऊन बसलेल्या रुख्मिणीला सगळं ऐकू येत होतं.

"गुठळी आतल्या मोठ्या शिरेच्या तोंडाशी पोचली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आणलंत. इंजेक्शनं आजच सुरू करू. आणि बाळंतिणीला असं निजवून ठेवतात का? चालवा, पोटभर पाणी द्या, झोपताना पाय उशीवर. त्या मालिशवालीला आधी बंद करा. रगडून रगडून घात करतात ह्या बायका!"

रुख्मिणीने कान टवकारले. आता तरी कौशल्याबाई बोलतील.

"आजच बंद केलं जी तिले," कौशल्याबाई म्हणाल्या.

रुख्मिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून आत जावं, चार शब्द सुनावावेत. पण लेकरू आत्ताच कुठे निजलं होतं. ती बाकावरच बसली.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळ बघून थबकल्या.

"आजी का तुम्ही?"

"नाई जी."

"मग कोण?"

"मालिशवाली."

डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत बाळ चुळबुळलं. रुख्मिणीने मान खाली घातली नाही. एका हाताने तिने त्याचं डोकं सावरलं, आणि दुसऱ्या हाताने हलकेच थोपटू लागली.