फरक : शून्य टक्के

भागूबाईची नाचणी दीड एकर माळावर कमरेइतकी वाढली आणि त्यामुळेच तिचा माळ गेला. कागदावर तसं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून आपणही असं काही झालेलंच नाही असं समजून पुढे जाऊ.

"मावशी, खरं सांगा. कोरडं बी कोरडंच पेरलंत ना?"

विचारणारा देवेश एका बियाणे प्रकल्पाचा माणूस. हातात टेप, काखेत फाईल. जूनमध्ये त्यानेच भागूबाईला नाचणीच्या दोन पिशव्या दिल्या होत्या. पहिलीतलं बी आठ तास भिजवायचं, सावलीत सुकवायचं, मग पेरायचं. दुसरीतलं तसंच कोरडं पेरायचं. हलक्या जमिनीत भिजवलेलं बी लवकर उगवतं आणि जोमाने वाढतं, हे दोन पट्ट्या शेजारी ठेवून दाखवायचं होतं. फरक पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर प्रकल्प माळ पाच वर्षं बियाण्यासाठी घेणार. नाही गेला तर तिचा मुलगा किशोर माळ बंगलेवाल्या पार्टीला विकणार. मायलेकात तसं ठरलं होतं.

"आये, तितं दगडाबिगर काय उगवत नाय," रसायनीला कंपनीत जाणारा किशोर म्हणाला होता. "दगडाला गिऱ्हाईक हाय, तवर देऊन टाकू."

भागूबाई गेल्या वर्षी अंगणवाडीतून निवृत्त झाली. मदतनीस होती. तीस वर्षं तिने खिचडी वाढली आणि एकाही वाटीत घास कमी पडू दिला नाही. एकदा पाहणीला आलेल्या मॅडमनाही तिने पोरांएवढीच वाढली होती. मॅडमनी शेरा लिहिला : वागणूक उद्धट.

"कोरडं कसं पेरू?" ती देवेशला म्हणाली. "एकाला पाजायचं नि दुसऱ्यानं टकामका बगत बसायचं? त्यालाबी भिजवलं. आठ तास. घड्याळ लावून."

"अहो मावशी, बी आहे ते."

"बी हाय म्हनून तर पाजलं. दगडाला कशाला पाजू?"

देवेशने टेप उलगडली. त्याने दोन्ही पट्ट्या मोजल्या. सारख्या भरल्या. त्याने फॉर्म भरला. फरक : शून्य टक्के.

"दोनी भिजवलं, असं लिवा की."

"मग तुलना बाद. तुलना बाद म्हणजे प्रयोग बाद."

"मागल्या साली हितं नुसती कुसळं व्हती. त्याच्याशी मोजा."

"मागचं साल चालत नाही हो. ज्याच्याशी तुलना करायची, ते पाहणीच्या दिवशी हजर पाहिजे."

संध्याकाळी किशोरने अहवाल वाचला. "शून्य. मी काय सांगत व्हतो?"

भागूबाई त्याला हाताला धरून माळावर घेऊन गेली. तो कमरेपर्यंत नाचणीत उभा राहिला. कणसं शर्टाला घासत होती.

"दिसतंय का रं?"

"दिसतंय गं. पन रिपोर्टात नाय ना."

त्याने फोटो काढून पार्टीला पाठवला. पार्टीने विचारलं, लॉन कुठल्या जातीचं आहे.

विक्रीच्या सह्या सोमवारी सकाळी अकराला ठरल्या. रविवारी भागूबाईने नातीला, जागृतीला, समोर बसवून अर्ज सांगितला.

"आजे, असा अर्ज कुनी घेत नाय."

"तू लिव. अक्षर चांगलं काड."

जागृतीने लिहिलं :

प्रति, मा. प्रकल्प प्रमुख. विषय : तुलनेबाबत. महोदय, अर्जदार ही निवृत्त अंगणवाडी मदतनीस असून तिच्याकडून सवयीने दोन्ही बियांना पाणी पाजले गेले आहे. यात बियांचा काही दोष नाही. माळाचाही नाही. तरी गेल्या सालच्या माळास त्याच्या सर्व कुसळांसह सोमवारी सकाळी अकराच्या आत तुलनेसाठी प्रत्यक्ष हजर राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.