दाराची रुंदी

"दार किती इंचाचं आहे?" अय्युबने विचारलं.

टेबलापलीकडच्या गृहस्थांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. आईसाठी चाकाची खुर्ची न्यायला ते भर दुपारी चालत आले होते आणि घामाघूम झाले होते.

"अहो, मला खुर्ची पाहिजे. दार आहे माझ्याकडे."

"ते आहेच हो. पण रुंद किती आहे?"

"असेल सव्वादोन फूट. माझ्या घराचं दार मला माहीत नाही होय?"

"तरी मोजून आणा." अय्युबने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून सुतळीचा एक तुकडा काढून पुढे केला. "कवाड पुरतं उघडायचं. कवाड आणि समोरची चौकट यांच्या मधे ही ताणून धरायची आणि गाठ मारायची. टेप लावू नका. टेप लावला की माणूस चौकटीसकट मोजतो."

गृहस्थ शेजारी बसलेल्या सरोजिनीबाईंकडे वळले. "हे काय आहे?"

"सुतळी," बाई रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाल्या.

गृहस्थ पाय आपटत गेले आणि तासाभराने परत आले. गाठ तेवीस इंचांवर होती. "चौकट जुनी आहे आमची," ते म्हणाले. चाकांच्या बाहेर, हाताने फिरवायला म्हणून असते ती कडी अय्युबने दोन्ही बाजूंनी पान्याने सोडवली. खुर्ची दीड इंच आत आली. ढकलणारं माणूस घरात असेल तर त्या कडीचं काही काम नसतं. मग सुतळीची गाठ सोडून त्याने ती पुन्हा डब्यात टाकली. केंद्रातली प्रत्येक वस्तू कुणी ना कुणी दिलेली, तेव्हा सुतळीसुद्धा वाया घालवायची नाही, असा त्याचा हिशेब होता.

नारायण पेठेतलं हे रुग्णसाहाय्य केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आत लोखंडी खाटा, कुबड्या, वॉकर, शौचाची भांडी आणि चाळीसेक चाकांच्या खुर्च्या. घरातलं आजारपण संपलं की लोक वस्तू इथे आणून देत, ज्याला गरज असेल तो घेऊन जाई आणि काम झालं की परत करी. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरोजिनीबाईंनी हे काम अंगावर घेतलं ते घेतलंच. भिंतीवर त्यांच्या अक्षरातली पाटी होती : 'साहित्य परत करताना पुसून आणावे. रुग्णाविषयी आपण सांगू नये. आम्ही विचारणार नाही.'

पाटी वाचून नवा माणूस हमखास म्हणायचा, काय खडूस बाई आहे! पण ती पाटी का लागली ते अय्युबने स्वतः पाहिलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत एक माणूस खाट परत घेऊन आला आणि बाईंनी सहज विचारलं, "काय, बरं आहे ना आता वडलांना?" तो माणूस त्याच खाटेवर बसला आणि अर्धा तास उठलाच नाही. बाईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी पाटी लावली.

अय्युबचं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी. बावीस वर्षांपूर्वी बाई एक खुर्ची ढकलत त्याच्या दुकानात आल्या होत्या. चाक डुगडुगत होतं. त्याने स्पोक आवळून दिले आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. "फुकट करताय तर नीट करा, ब्रेकही बघा," बाई म्हणाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी अय्युब दुकान बंद ठेवून केंद्रात यायचा. हवा भरायची, बेअरिंगला ग्रीस लावायचं, फाटलेली कापडं बदलायची. आणि दारं मोजायला लावायची. ही खोड त्याला लागली त्याचं कारण असं, की पहिल्याच वर्षी त्याने झकास करून दिलेली एक खुर्ची चार महिने कुणाच्या तरी जिन्याखाली पडून राहिली होती. ती दारातून आत गेलीच नव्हती. रुग्ण आत, खुर्ची बाहेर. ते कळल्यावर अय्युबला दोन दिवस जेवण गेलं नाही.

असा हा माणूस. आणि त्याच्याच घरी गेल्या चैत्रात त्याच्या बायकोला, अख्तरबानूला, अर्धांगाचा झटका आला.

घोरपडे पेठेत दोन खोल्यांचं घर. मुलगा रहीम नोकरीनिमित्त सोलापूरला. अख्तरबानू तीस वर्षं उंबऱ्याशी बसून साड्यांना फॉल लावत आली होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्याशी दोन शब्द बोलून पुढे जायची. गल्लीत कुणाचं काय चाललंय हे अख्तरबानूला आधी कळायचं आणि मग ज्याचं त्याला. आता उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. आतल्या खोलीतली खाट, वरचा पत्रा आणि भिंतीवरचं कॅलेंडर, एवढंच उरलं.

"अजी," ती रोज दुपारी म्हणायची, "मला दारात तरी बसवा ना."

स्टुलावर ती बसू शकत नव्हती, उजवीकडे कलंडायची. अय्युबने तिला दोनदा उचलून दारात नेलं आणि मांडीशी धरून बसला. तिसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली. एकसष्टावं वर्ष चालू होतं, पाठीचंही काही चुकलं नाही. शिवाय अख्तरबानूच म्हणाली, "नको. सारी गल्ली देखती. मैं क्या नवी नवरी हूं, उचलके लाने को?" त्यानंतर ती दाराचं बोलेनाशी झाली. अय्युबला तिचं ते न बोलणं फार लागलं.

आता कुणीही म्हणेल, अरे बाबा, तुझ्या हाताखालून चाळीस खुर्च्या जातात, एक घरी ने! पण तिथेच तर घोडं अडलं होतं. त्या टेबलाच्या अलीकडे बसायची त्याला बावीस वर्षांची सवय. पलीकडे उभं राहून मागायचं म्हटलं की त्याला लाज वाटायची. सरळ सांगायचं तर एवढंच होतं, लाज. त्याने बायकोच्या आजाराचं केंद्रात कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. पाच महिने तो मंगळवारी यायचा, दुसऱ्यांच्या दारांच्या चौकशा करायचा आणि पूर्वी सहाला निघायचा तो आता चारलाच उठायचा.

एका मंगळवारी तो नऊ नंबरची खुर्ची पुढे घेऊन बसला. जुनी, दणकट, उंच पाठीची. ब्रेक बघून झाले, पट्टा नवा लावून झाला.

"नऊ नंबर कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"करून ठेवतोय."

"फॉर्म आलाय?"

"नाही."

"मग आधी सतराचं चाक बघा. फॉर्माशिवाय इथून कुबडीसुद्धा बाहेर जात नाही. नियम मीच केलाय, मला मोडायला लावू नका."

अय्युबने नऊ नंबर भिंतीशी लावून ठेवली आणि सतराचं चाक काढलं. त्याला राग आला होता. बाईंचा नाही, स्वतःचा.

पुढचा मंगळवार गणपती उठल्यानंतरचा. रस्त्यांवर अजून मांडवांचे बांबू पडलेले. अय्युब आला तर त्याच्या हत्यारांच्या पेटीवर एक फॉर्म ठेवलेला, वर पेन. खाली जामीन म्हणून सरोजिनीबाईंची सही होती. बाकी सगळ्या जागा कोऱ्या. बाई खुर्चीवर नव्हत्या. त्या कधी चहाला बाहेर जात नसत, पण त्या दिवशी गेल्या होत्या.

त्यांना कसं कळलं कोण जाणे. चारला उठणं त्यांनी पाहिलं असेल, हाताला येणारा मालिशच्या तेलाचा वास आला असेल. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला न विचारताही पुष्कळ कळतं.

अय्युबने इकडेतिकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. रुग्णाचे नाव : अख्तरबानू अय्युब शेख. वय : छप्पन्न. रुग्णाशी नाते : पती. पत्ता. आणि शेवटी, त्याच्याच आग्रहावरून बाईंनी फॉर्मात घातलेली ओळ, दाराची रुंदी. त्याने झटक्यात लिहिलं, पंचवीस इंच.

बाई आल्या. फॉर्म वाचला. "सुतळी लावून मोजलंत?"

"काय बाई! माझ्या घराचं दार मला माहीत नाही होय?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. रजिस्टरमध्ये नऊ नंबरपुढे नाव लिहिलं आणि "सही करा" म्हणून ते त्याच्यापुढे सरकवलं. टेबलाच्या पलीकडे.

खुर्ची दारात अडकली.

नुसती अडकली नाही, चांगली पाचर बसावी तशी बसली. पुढे जाईना, मागे येईना. अय्युबने एक लाथ घातली, मग दुसरी. आतून अख्तरबानूने मान वळवून पाहिलं. नवरा बाहेर, मधे खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवरून त्याचं तांबडंलाल तोंड. तिला हसू फुटलं. अर्ध्या तोंडानेच, पण खदखदून. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"सारे गाव के दरवाजे मोजे," ती अडखळत म्हणाली, "अपनाच राह्यला ना, अजी?"

"हसू नकोस. पान्याचा डबा आत आहे आणि मी बाहेर."

हे ऐकून ती आणखीच हसली. शेवटी शेजारच्या मदिनाबींनी त्याच्याबरोबर बाहेरून ओढलं आणि खुर्ची सुटली. अय्युबने खिशातून सुतळी काढून दारात ताणली, गाठ मारली, पट्टीला लावली. बावीस. पस्तीस वर्षं तो त्या दारातून ये-जा करत होता. सायकल आत घेत होता. एकदा लोखंडी कपाटही नेलं होतं, तिरपं करून. पण बावीस.

त्याने कड्या काढल्या. खुर्ची तेवीसवर आली. मग पेचकस घेऊन त्याने बिजागऱ्याच उघडल्या. कवाड काढून भिंतीला टेकवून ठेवलं. दीड इंच मिळाला. खुर्ची आत गेली आणि अख्तरबानूला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

"किसकी है ये?" तिने खुर्चीचा हात चाचपत विचारलं.

"मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने दिली. त्याचा बाप बसायचा."

"तो मीठी होगी," ती म्हणाली.

दाराला कवाडाच्या जागी जुनी चादर लागली. रोज दुपारी अडीचला चादर बाजूला व्हायची आणि अख्तरबानू उन्हात बसायची, साडेपाचपर्यंत. बायका थांबायच्या. तिचं बोलणं निम्मं कळायचं, निम्मं त्या आपापल्या मनाने भरून घ्यायच्या. एकदा अय्युब दुकानातून आला तर तिने त्याला गल्लीतल्या दोन लग्नांची आणि एका भांडणाची बातमी दिली. अय्युबला इतका आनंद झाला की तो पुन्हा बाहेर जाऊन जिलबी घेऊन आला.

हे नऊ आठवडे चाललं.

कार्तिक संपता संपता दोन मंगळवार अय्युब केंद्रात आला नाही. तिसऱ्या मंगळवारी आला तो नऊ नंबरची खुर्ची ढकलत. घोरपडे पेठेतून नारायण पेठेपर्यंत, रिकामी. पुसून लख्ख केलेली. पट्टा धुतलेला, चाकांना तेल. तो आपल्या जागेवर गेला नाही. टेबलाच्या पलीकडे, ओळीत, एका माणसाच्या मागे उभा राहिला. पुढचा माणूस हडपसरहून आला होता. त्याला बाईंनी बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं.

मग त्यांनी अय्युबकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती. त्यांनी रजिस्टर उघडलं, नऊ नंबरपुढे 'परत' असं लिहिलं आणि तारीख घातली.

"सही करा," त्या म्हणाल्या.

अय्युबने सही केली. मग म्हणाला, "बाई, माझा फॉर्म द्या जरा."

बाईंनी फायलीतून काढून दिला. अय्युबने 'पंचवीस' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बावीस'. फॉर्म परत दिला.

"कवाड बसवलंत का पुन्हा?" बाईंनी विचारलं. "थंडी पडायला लागलीय."

"नाही अजून."

"चादरीने थंडी अडत नाही, अय्युबभाई."

"बसवतो," तो म्हणाला, आणि टेबलाला वळसा घालून आपल्या स्टुलावर येऊन बसला. नऊ नंबर उलटी केली आणि पिशवीतून दोन्ही कड्या काढून चाकांना बसवायला घेतल्या. एक नट फिरेना, तेव्हा त्यावर तेलाचा थेंब सोडला.

बाकावरच्या माणसाकडे न बघताच त्याने विचारलं, "दार किती इंचाचं आहे?"

"मोठं हाय की."

"किती?"

"अवो, हाय चांगलं. माज्या घराचं दार मला ठावं न्हाई व्हय?"

बाईंनी मान वर केली. या प्रश्नाला अय्युबचं उत्तर ठरलेलं असे, 'तरी मोजून आणा.'

"नसतं ठाऊक," अय्युब म्हणाला. "खरंच नसतं."

त्याने डबा उघडला. डबा रिकामा होता, सुतळ्या सगळ्या कुणाकुणाच्या दारांना गेलेल्या. त्याने सदऱ्याच्या खिशात हात घालून एक सुतळी काढली. तिला गाठ होती. अकरा-बारा आठवड्यांची, चांगली घट्ट बसलेली. तो ती नखांनी सोडवायला लागला. सुटेना, तेव्हा दातांत धरली. हडपसरच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं.

"घाई करू नका," सरोजिनीबाई त्याला म्हणाल्या. "बसा."