झटकलेला कागद

घुग्घुसमध्ये वाढलेलं माणूस कोणतीही वस्तू आधी झटकतं, मग वापरतं. चादर, टॉवेल, शाळेचं दप्तर. कोळशाचे ट्रक दारावरून जातात, सिमेंटची भुकटी छपरावर बसते. न झटकता चालेल कसं?

दिव्यानी हेच हात घेऊन अरबी समुद्रात गेली. संशोधनाच्या जहाजावरून वाळवंटाकडची कोरडी हवा मोजायची होती. फुगा सोडायचा आणि हवा ओढणाऱ्या यंत्रातला पांढरा कागद रोज बदलायचा. त्या कागदावर बसलेली धूळ, तीच मोजायची. सगळे ज्याची वाट बघत होते तो दिवस उजाडला. फुग्याने सांगितलं, वरची हवा खडखडीत कोरडी. कागद तांबूस झाला. दिव्यानीने तो काढला आणि सवयीने कठड्यावरून फडाफडा झटकला.

ती घरी परतली तसा सफरीच्या प्रमुख सरांचा फोन आला. हात कणकेत होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"कागद वाऱ्याने गेला असं म्हणू. आदल्या आणि पुढच्या दिवसाची सरासरी टाक."

"सर, धूळ मी झटकली."

"कोणाला कळणार आहे? पुढच्या सफरीला यायचंय ना?"

यायचं होतं. त्या सफरीशिवाय तिची पीएचडी अर्धीच राहत होती. आणि हे गृहस्थ! वाळवंटाची धूळ तोलायला भर समुद्रात जातात. एकदा घुग्घुसवरून गेले तेव्हा गाडीची काचसुद्धा खाली केली नाही.

"तो दिवस रिकामा राहू द्या, सर. खोटा आकडा मी टाकणार नाही."

"मग दुसरी मुलगी बघतो." फोन बंद.

बाप इस्तारी सिमेंटच्या कारखान्यात पोती उचलतो. तो भडकला. "काऊन वं? टाकून द्याचा होता आकडा! समुद्र काय पाह्याले येऊन राह्यला?"

"बाबा, चौकातल्या फलकावर रोज 'हवा समाधानकारक' येते. तुमी वाचता अन् खोकता. तसंच लिहू म्हनता मी?"

"तो आकडा कोन टाकते?"

"असाच एखादा सर."

माय गोकुळा फिसकन हसली. "तुया सराले म्हनावं, इथी ये, पोतंभर धूळ देतो. फुकट!"

इस्तारीला हसू आलं नाही. "जहाज गेलं ना पन तुयं."

"जाते कसं?" दिव्यानीने सरांना घुग्घुसची एक अस्सल शिवी हासडली, कणकेचे हात धुतले आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या, अशाच सफरी नेणाऱ्या बाईंना फोन लावला. पहिलंच वाक्य बोलली, "मॅडम, एका दिवसाची धूळ माझ्या हातून गेली आहे. ते ऐकून घ्या, मग हो की नाही सांगा."