राखणदाराची उजवी पाकळी

मये तळ्याच्या पलीकडे, बंद खाणीच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडखाली सकाळपासून माणसं दाटली होती. आत पाटावर तांबडं कापड, आणि कापडावर साक्षात तळ्याचा राखणदार. हिरवट अंग, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी कातडी, पुढ्यात दूधभाताचा नैवेद्य. तो थरथरला की बायका 'अवसर आला', अंगात देव संचारला, म्हणून हात जोडत. शिंकला की नाकातून पांढरी भुकटी उडे. ती त्याचा पुजारी कृष्णनाथ पाटावरून चिमटीनं गोळा करी आणि अंगारा म्हणून पुडीत बांधून देई. देवानं शिंकावं आणि भक्तांनी चाटावं, असा कारभार छान चालला होता.

कृष्णनाथ पूर्वी खनिजाचे ट्रक हाकायचा. खाणी थांबल्यावर तो पेडण्यात एका बंगल्याच्या पहाऱ्यावर राहिला. तिथले भाडेकरू हौसेनं आणलेलं हे जनावर मागे टाकून निघून गेले, आणि कृष्णनाथचं नशीब उघडलं. हे अर्थात मागाहून कळलं. तो स्वतः सांगायचा ते असं, की राखणदार तळ्यातून चालत वर आला आणि त्याच्या उशाशी बसला.

डॉ. विनोदिनी डिचोलीच्या गुरांच्या दवाखान्यात होती. त्या दिवशी ती गावातल्या सुविधाची गाय तपासायला गेली, तर घरी एकटी सासू, सुमंगला.

"सुविधा बाळाक घेवन राखणदाराकडे गेली हा," सुमंगला म्हणाली. "दात सुखान येवंदेत म्हणान अंगारो चाटयलो. पण आता हगवण काय थांबना. कौल लावतली."

विनोदिनीनं गाय तशीच सोडली आणि स्कूटरला किक मारली.

शेडमध्ये सुविधा पहिल्याच रांगेत होती. मांडीवर दहा महिन्यांचा गौरेश. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. तो रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. विनोदिनी थेट तिच्यापाशी गेली.

"सुविधा, ऊठ. ह्याच्या अंगातलं पाणी संपत आलंय. आत्ता इस्पितळात जाऊ."

"कौल होवंदे, बाय," सुविधा खालच्या आवाजात म्हणाली. "कौल नसताना न्हेलंय आणि काय इपरीत झाला, तर घरात काय सांगू?"

तिचंही चूक म्हणवत नाही. त्या घरात लग्नापासून नांगरणीपर्यंत काहीही कौल घेतल्याशिवाय झालेलं नव्हतं. देवळात मूर्तीला लावतात तशा दोन ओल्या पाकळ्या कृष्णनाथनं जनावराच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्यानं आवाज चढवला.

"बा तळ्याच्या राखणदारा, आज ही सुविधा पदर पसरून तुझ्याकडे इली हा."

"होय म्हाराजा," लोक एका सुरात म्हणाले.

"लेकराक इस्पितळात न्हेवचा बरा दिसत असात, तर उजवी दी."

"होय म्हाराजा."

जनावर थरथरलं. डावी पाकळी घसरली.

"डावो कौल," कृष्णनाथ म्हणाला. "न्हेव नुको."

विनोदिनीची नजर जनावराच्या उजव्या पुढच्या पायावर खिळली होती. तो सुजून टम्म झाला होता. उजवी बाजू अंगाशी घट्ट आवळून ते बसलं होतं, आणि सगळी थरथर डाव्या बाजूला होती.

"मलाही एक कौल लावायचाय," ती म्हणाली.

कौलाला नाही कोण म्हणणार? तिनं ताज्या पाकळ्या लावल्या आणि मोठ्यानं विचारलं, "बाळाला इथंच ठेवणं बरं असेल, तर उजवी दे."

डावी पडली. कुणीतरी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावीच.

"आता सांगा," विनोदिनी लोकांकडे वळली. "इस्पितळात न्यायचं नाही आणि इथंही ठेवायचं नाही. मग पोरानं जायचं कुठं? अरे, ह्याचा उजवा पाय मोडलाय. दुखतं म्हणून ते ती बाजू हलवत नाही. म्हणजे उत्तर कायम 'नाही'. प्रश्न कसा फिरवायचा, एवढंच कृष्णनाथच्या हातात."

"राखणदार कोपतलो," कृष्णनाथ पुटपुटला.

"हा राखणदार नव्हे, इग्वाना आहे. घोरपडीसारखा प्राणी, परदेशातला. ह्याला रोजचं ऊन लागतं, हिरवा पाला लागतो. तू अंधारात कोंडून दूधभात चारलास. हाडं इतकी मऊ झालीत की चालता चालता पाय मोडतो. ती थरथर अवसराची नव्हे, आजाराची. अंगातलं जादा मीठ हा नाकातून शिंकून टाकतो, तोच तुमचा अंगारा. आणि ज्या पाटावर हा हगतो, त्याच पाटावरून तू तो गोळा करतोस."

सुविधानं हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि ती पोराला छातीशी धरून उठली.

लगेच दाखल करूनही गौरेश दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात दगावला. त्याच्या रक्तात जे जंतू सापडले, तेच इग्वानाच्या विष्ठेत निघाले.

एवढ्यानं लोक शहाणे झाले म्हणावं, तर तसंही नाही. कृष्णनाथ सांगत सुटला, "कौल मोडलो, म्हणान पोर गेला." अर्धा गाव माना डोलावू लागला. वनखात्याची माणसं जनावर न्यायला आली, तेव्हा शेडपाशी पुन्हा गर्दी जमली. काही बायका तर रडत होत्या, राखणदार चालला म्हणून. विनोदिनीला त्यांचा संताप आला.

तेवढ्यात गर्दीतून सुविधा पुढे आली. आवाज न चढवता ती बोलू लागली.

"कौल मी मोडूक नाय. मी कौलाची वाट बघीत हंय बसलंय, आणि तितक्यात माझा पोर पाण्यावाचून सुकान गेला. तो अंगारो मीच माझ्या बोटान तेका चाटयलो. तेव्हा एकदाव इचारूक नाय, ह्या काय, खंयसून येता. तुमी इचारा. माका इचारा, डाक्तरणीक इचारा, ह्या कृष्णनाथाक इचारा. आणि पोर तापला, तर कोणाकच इचारू नुकात. उचला आणि इस्पितळात न्हेवा."