तिसऱ्यांचे बी

ओहोटीची वेळ. ताम्रवर्णी, तिरपे ऊन कांदळवनाच्या मुळांतून वाट काढीत खाडीच्या उघड्या पाठीवर उतरले होते. पाणी मागे हटत होते, हटता हटता रुपेरी ओल ठेवीत होते. आणि त्या विस्तीर्ण, निःशब्द ओलीवर एकही भोक नव्हते.

तेच मथुरेच्या काळजाला लागले. जिवंत चिखल कधी गप्प बसत नाही. तिसऱ्यांचे शिंपले आत बसून पाणी ओढतात, पाणी सोडतात. किडे बिळे खणतात, खालचे वर आणि वरचे खाली करतात. त्या बिळांतून चिखल श्वास घेतो, कुजल्या पानांचे सत्त्व पाण्यात परतते. त्यावर शेवाळ, शेवाळावर कोळंबी, कोळंबीवर मासा. हे तिला सासूने चिखलातच शिकवले होते. म्हणून तर बोटाच्या पेराहून लहान तिसरी घरी न्यायची नाही, तोंड वर करून जागच्या जागी रोवायची, ही गावच्या बायकांची रीत.

यंदा ती रीत मथुरेनेच मोडली. हॉटेलवाल्याला कोवळ्या तिसऱ्या हव्या होत्या. तिने बी, म्हणजे ती पेराहून लहान पिल्लेसुद्धा, उपसून नेले. चिखल काळा पडला, सडक्या अंड्यासारखा घाणू लागला.

आज तिने पैलतीरावरच्या बायकांचे पाय धरून बी आणले होते. पुन्हा मिळणार नव्हते. ओल्या गोणपाटातून एकेक काढून तिने रोवली, तोंड वर करून.

आणि एकेक तिसरी हळूच आडवी झाली. काळा चिखल त्यांना पोटात घेईना. भरती लागायला घटकाभरच उरली होती. ती आली की हे सैल बी वाहून जाणार, आणि खाडी कायमची मुकी होणार.

"अवो, रवतल्यो मा ह्यो?" तिने होडीतल्या नवऱ्याला विचारले. "माझो जीव थाऱ्यार नाय."

मोतीराम गरी टाकून मासे धरणारा माणूस. मासा बोलेल, पण हा बोलणार नाही. तो उतरला. आमिषाचा डबा त्याने चिखलावर उपडा केला. लाल, लवलवते, जिवंत किडे.

"चिखल घट झालो हा. आदी ह्येंका भुतूर जावंदे."

"आणि गरवूक?"

"आज ऱ्हवांदे." तो खाली बघत राहिला. "किडे मी खणून नेलंय. आर्दा पाप माझा."

मथुरेला रडू आले. पण रडायला वेळ कुठे होता? एक किडा शिरला, दुसरा शिरला. जिथे चिखल जरा सैल झाला, तिथे दोघे वाकून बी रोवू लागली. काही तिसऱ्या कलल्या, काही नुसत्याच पडून राहिल्या. पाणी घोट्याला लागले, पाणी गुडघ्याला लागले. पाणी गढूळले आणि बी दिसेनासे झाले.

तेव्हा तिने पाण्याखाली एका तिसरीवर तळहात ठेवला, आणि श्वास धरून थांबली. मोतीराम हाका मारीत होता, पाणी कमरेला आले होते.

तळहाताखाली काहीतरी थरथरले. सावकाश, अगदी सावकाश, ते खाली गेले. आणि हाताला लागला फक्त चिखल, मऊ, थंड, मिटलेला.