नटावरची पिवळी रेघ

मी एक जुना लष्करी ट्रक बोलतोय. ऐका जरूर, पण मी सांगतोय म्हणून लगेच खरं मानू नका. मी स्वतः कुणाच्या शब्दावर विसंबत नाही.

ही सवय मला छावणीत लागली. कारखान्यातून निघालो तो थेट तिथेच. ड्रायव्हर कितीही छातीठोकपणे म्हणो की गाडी ठणठणीत आहे, त्याचा साहेब जमिनीवर आडवा होऊन माझ्या पोटाखाली डोकावल्याशिवाय फाटक उघडू देत नसे. मी तंबू वाहिले, दारूगोळा वाहिला, कण्हणारी माणसं वाहिली. पुढे नव्या गाड्या आल्या आणि माझी रवानगी कुंपणाकडे झाली. टायर मातीत रुतले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. शेवटी लिलाव झाला.

मला घेतलं एका गॅरेजनं. लष्करानं काढून टाकलेले ट्रक आणायचे आणि दुरुस्त करून डोंगराळ भागातल्या कामांना विकायचे, असा दोन भावांचा धंदा होता. मी आलो तेव्हा थोरला भाऊ हयात नव्हता. असाच एक ट्रक चालवून बघताना उतारावर ब्रेक गेले आणि तो गाडीसकट दरीत कोसळला. ब्रेकचं काम आदल्या दिवशी धाकट्यानं केलेलं. गाडीचा एवढा चुराडा झाला होता की चूक कोणाची, हे कधी कळलंच नाही.

थोरल्याची बायको नवऱ्याच्या जागी उभी राहिली. तिला सगळे वहिनी म्हणत. इंजिनाचं काम ती नवऱ्याबरोबरच शिकली होती. दिराला ती भाऊजी म्हणे, दुपारी त्याला जेवायला वाढे, आणि त्यानं हात लावलेली प्रत्येक वस्तू त्याच्या माघारी पुन्हा तपासे. त्यालाही ते माहीत होतं. दोघांपैकी कुणी त्याविषयी अवाक्षर काढत नसे.

वहिनीनं माझं इंजिन उतरवलं, धुतलं, जोडलं. मी खोकलो, काळा धूर ओकलो आणि सुरू झालो. ब्रेक मात्र भाऊजीनं केले. तो काम उरकून बाहेर आला की वहिनी खाली शिरायची आणि प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. अर्धी रेघ नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार, आणि ते ती गाडी सोपवायच्या सकाळी बघणार.

आणि मग मला दिसलं ते असं. वहिनी जेवायला घरात गेली की भाऊजी दाराकडे बघत बघत पाना घेऊन माझ्याखाली सरपटत यायचा. श्वास भात्यासारखा चालायचा. तिची चाहूल लागली की झटकन बाहेर. एकदा नव्हे, कितीतरी दुपारी. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस करतोय तरी काय? मला हाक मारता आली असती तर मी वहिनीलाच मारली असती.

मी जाणार होतो वनखात्याकडे. वणवा पेटला की पाण्याची टाकी घेऊन डोंगर चढायचा, हे माझं नवं काम. त्यांची माणसं मला न्यायला येणार त्या सकाळी वहिनी हातातली बॅटरी पेटवून खाली शिरली. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीच्या नटावरची रेघ तुटली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"भाऊजी, नट कुणी फिरवला?"

"मी."

"सैल केलात?"

"आवळला. बघा ना, रेघ कुठल्या बाजूला सरकलीय."

ती पुन्हा आत गेली. रेघ आवळायच्या बाजूलाच सरकली होती. बाहेर येऊन तिनं तो प्रश्न विचारला, जो इतके दिवस ती ताटात वाढत होती आणि तो मुकाट गिळत होता. त्या दिवशी ह्यांच्या गाडीचा नट तुम्ही आवळला होता का?

भाऊजी जमिनीवर बसला. "नळी जोडली, तेवढं आठवतं. पाना फिरवला का, ते आठवत नाही. रोज आठवून बघतो. मग इथला नट पुन्हा आवळून येतो."

वहिनीनं आत हात घालून तो नट बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "रोज आवळून नटाचे आटे गेलेत. उतारावर हाच नट निसटला असता."

तिनं त्याला माफ केलं असं मला वाटत नाही. दोषीही ठरवलं नाही. वनखात्याच्या माणसांना तिनं उद्या या म्हणून सांगितलं आणि नवी नळी, नवा नट काढला. दोघं मिळून माझ्याखाली आले. तिनं बॅटरी धरली, त्यानं पाना फिरवला. "आवळला," तो मोठ्यानं म्हणाला. "आवळला, मी बघितलं," ती म्हणाली. त्यानं पुन्हा पाना लावला तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं आणि पाना काढून घेतला.

आता मी डोंगराच्या पायथ्याशी उभा असतो. परवा वणवा विझवून उरलेल्या पाण्यासकट तीव्र उतार उतरलो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, मी थांबलो. खाली येऊन तो माझं बॉनेट थोपटत म्हणाला, भरवशाची गाडी आहे.

बाबांनो, एवढं मात्र म्हणू नका. मी म्हातारा आहे, लोखंड झिजतं, रबर विरतं. माझं कौतुक नंतर करा. आधी खाली वाका, आणि तुमच्यापैकी कुणीतरी बॅटरी धरा.