किती देती?

“फेस बसू दे. मग परत घाल,” चनबसाप्पा म्हणाले आणि काठी टेकत पंपावरच्या माणसाच्या अगदी खांद्याशी जाऊन उभे राहिले.

त्या माणसानं बाहेर काढलेली नळी मुकाट्यानं परत आत घातली. टाकीच्या तोंडाशी फेस चढला, बसला, पुन्हा चढला. मागं दोन रिक्षा आणि एक बुलेट खोळंबली होती. बुलेटवाला हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नव्हता, पण आयुष्यभर टाक्यांत डोकावलेला माणूस असल्या हॉर्नला भीक घालत नाही. पेट्रोल गळ्याशी चमकलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच त्यांनी झाकण लावू दिलं आणि मागच्या सीटवर येऊन बसले. मग गाडीनं लिटरला किती किलोमीटर दिले, याचा बोटांच्या पेरांवर हिशेब सुरू झाला.

पुढं स्टिअरिंगवर त्यांचा मुलगा वीरेश होता आणि शेजारी सून सौंदर्या. हिशेब संपला तसे ते पुढं वाकले.

“तुझ्या त्या स्क्रीनवर किती हाय?”

“सतरा, अप्पा.”

“दाखवती सतरा. देती चौदा.” चनबसाप्पांनी पाठ टेकली. चोर रंगेहाथ सापडल्यावर माणसाला वाटतं तसं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

या समाधानाची त्यांना जुनी सवय होती. त्यांचे दोन ट्रक होते. कोल्हापूरचा गूळ गुजरातेत पोचवायचा आणि येताना मिळेल तो माल आणायचा, असा तीस वर्षांचा धंदा. गाडी परत आली की ड्रायव्हरनं तोंड धुवायच्या आत ते स्वतः तिची टाकी काठोकाठ भरून घ्यायचे. वाटेत पाऊस होता, रस्ता खराब होता, घाटात अडकलो, हे सगळं ते शांतपणे ऐकून घेत. टाकीत किती मावलं त्यावरून डिझेल कुठल्या ढाब्यावर विकलं तेही ते सांगत, आणि ते बहुतेक वेळा खरं निघे. संशय हा त्यांच्या धंद्याचा भाग होता आणि त्यात ते पटाईत होते.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या काळजाचे ठोके मंदावले. छातीत पेसमेकर बसवावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं मात्र, यांनी अंथरूण धरलं. आपलं आता संपलं असं ठरवून आठवड्याच्या आत दोन्ही ट्रक विकून टाकले. मग ऑपरेशन झालं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसलं. आठ वर्षं बघायला नको, असं डॉक्टर म्हणाले, आणि खरोखरच काही बघावं लागलं नाही. चनबसाप्पा ठणठणीत बरे झाले. फक्त शाहूपुरीतल्या घराच्या कट्ट्यावर बसून बरं झालेल्या माणसानं करायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. ट्रक विकल्याचा पस्तावा त्यांना रोज होई.

अशात ही गाडी आली. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. गावात तशी दुसरी नव्हती. वीरेशचं शिरोलीला मशीन शॉप होतं, यंत्रांची त्याला हौस; त्यानं कुठंतरी वाचलं, पुण्याला जाऊन पाहिली आणि थेट घेऊनच आला. बापाला विचारलं नाही. तीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला गाडी घेताना विचारलं नाही, हे त्यांना फार लागलं. ते बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते टाकी भरून घेऊ लागले.

पहिल्याच दिवशी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनही थांबलं. थांबली की ती आपोआप बंद होते आणि ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप सुरू होते, हे वीरेशनं सांगायच्या आधीच चनबसाप्पांनी काच खाली केली होती. शेजारच्या लुनावरचा एक भला माणूस म्हणाला, “पावणं, ढकलू का?” हे म्हणाले, ढकला. तो ढकलायला टेकला आणि गाडी आपोआप निघून गेली. माणूस पडता पडता वाचला. घरी येईपर्यंत सौंदर्या तोंडाला पदर लावून हसत होती.

गावाला मात्र एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. सलूनमध्ये, लग्नात, मठाच्या पायरीवर, जो भेटेल तो विचारी, “किती देती?” वीरेश स्क्रीनवरचा आकडा सांगे आणि चनबसाप्पा मागून खरा सांगत. त्यासाठी त्यांनी गाडीचं इंग्रजी पुस्तक सुनेकडून दोनदा वाचून घेतलं होतं. वाचून घ्यायचा हेतू त्यातली खोट काढण्याचा होता, पण होता होता त्यांना गाडी कळत गेली. ब्रेक दाबला की बॅटरीत भर पडते, तीच पुढं चढाला पेट्रोल वाचवते. गर्दीत ती हायवेपेक्षा वाईट देत नाही. पाय जड असला की सगळंच पाण्यात. म्हणजे सगळा खेळ बॅटरीचा. ती मेली की गाडी पेट्रोल पिणार आणि ते टाकीत लगेच कळणार.

जानेवारीत, त्या चौदाच्या हिशेबानंतर दोनच दिवसांनी, ते नेहमीच्या तपासणीला गेले. डॉक्टरांनी छातीवर चकतीसारखं काहीतरी धरलं, मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. मग म्हणाले, तुम्ही शर्ट घालून बाहेर बसा. वीरेश बराच वेळ आतच राहिला. बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, एवढं काय बोलत होते?

“गाडीचं विचारत होते,” वीरेश म्हणाला. “किती देती म्हणून.”

त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. सगळेच विचारत.

त्यानंतर आठवड्यानं शिरोळला एका साखरपुड्याला जायचं होतं. उसाचे दिवस. एकामागं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असला की मागच्यांनी गपगुमान चालायचं, तो थांबला की थांबायचं. गाडी थांबली की इंजिन बंद. आणि इंजिन बंद पडलं की पुढच्या सीटवरची कुजबुज मागं स्पष्ट ऐकू येते, हा या गाडीचा एक गुण पुस्तकात लिहिलेला नव्हता. चनबसाप्पांनी डोळे मिटले होते. ते झोपलेत असं पुढच्या दोघांना वाटत होतं.

“बॅटरी संपत आलीय म्हणाले,” वीरेशचा आवाज आला. “दोन-तीन महिने…”

ट्रॅक्टर हलला, इंजिन सुरू झालं, पुढचं बुडालं. जयसिंगपूरच्या अलीकडं पुन्हा थांबले.

“…सांगायला नको का?” सौंदर्या विचारत होती.

“आत्ता नको. मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना? पुन्हा तेच होईल.”

चनबसाप्पांनी डोळे उघडले नाहीत, पण मनातल्या मनात ते ताठ बसले. असं आहे तर! वर्ष व्हायच्या आत गाडीची बॅटरी मरायला टेकली, आणि बाप घर डोक्यावर घेईल म्हणून पोरगं लपवतंय. मागच्या वेळी म्हणजे गाडी आणली तेव्हा. चार दिवस ते कुणाशी बोलले नव्हते. आपला अंदाज खरा ठरला याचा त्यांना आनंद झाला, आणि मग तो आनंद कुठल्या कुठं गेला. ड्रायव्हर लपवायचे ते ठीक होतं. ते परके होते.

परतताना त्यांनी मुद्दामच खडा टाकला.

“वीरेश, ही बॅटरी किती वर्षं टिकती म्हणायची?”

स्टिअरिंगवरचे वीरेशचे हात घट्ट झाले. त्यानं आरशात पाहिलं.

“कंपनी आठ वर्षं म्हणती, अप्पा. का?”

“काय न्हाय. इचारलं.”

आता रंगेहाथ पकडायचं राहिलं होतं. ती टाकी संपायला फेब्रुवारी उजाडला. त्या रविवारी ते स्वतःहून पंपावर चला म्हणाले. तोच पंप, तीच नळी, तोच वैतागलेला माणूस. फेस बसला, पेट्रोल गळ्याशी आलं, झाकण लागलं. मागच्या सीटवर चनबसाप्पांनी पेरं मोजली, मग पुन्हा पहिल्यापासून मोजली.

सोळा.

चौदाचे सोळा झाले होते. वीरेशचा पाय हलका झाला होता, गाडीही रुळली होती. आकडा चांगला होता आणि चनबसाप्पांना तो अजिबात आवडला नाही. मरायला टेकलेल्या बॅटरीवर गाडी सोळा देत नाही. टाकी त्यांनी स्वतः भरून घेतली होती, तिच्यावर संशय घेण्याची सोय नव्हती. गाडीची बॅटरी धडधाकट होती.

मग संपत आलेली बॅटरी कुठली?

दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, इंजिन थांबलं. आत एकदम शांत झालं. चनबसाप्पांचा उजवा हात हळूच वर गेला आणि शर्टावरून डाव्या खांद्याखालच्या त्या उंचवट्यावर येऊन थांबला. वीरेशला ते आरशात दिसलं. त्यानं मान वळवली नाही.

“डॉक्टरानं किती दिवस सांगितलं?” चनबसाप्पा म्हणाले. “स्क्रीनवरचं नको. खरं सांग.”

सौंदर्यानं वीरेशच्या हातावर हात ठेवला. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. एका मोटरसायकलवाल्यानं गाडी बाजूला घेऊन वाकून आत पाहिलं.

“पावणं, बंद पडली का? ढकलू?”

चनबसाप्पांनी काच खाली केली.

“बंद न्हाय पडली. जरा बोलतोय. तुमी व्हा पुढं.”

काच वर केली आणि ते वाट बघत बसले. दोन-तीन महिन्यांत बदलायला पाहिजे, वीरेश म्हणाला. छोटंच ऑपरेशन आहे, एक दिवस राहायचं. तारीख ठरली की सांगणारच होतो. मागच्या वेळी तुम्ही ऐकल्या ऐकल्या अंथरूण धरलं, ट्रक विकले, जेवण सोडलं. तसं पुन्हा बघायचं माझ्यात बळ नाही, अप्पा. एवढं म्हणताना त्याचा आवाज फाटला. हे मात्र स्क्रीनवरचं नव्हतं, इतकं चनबसाप्पांना समजत होतं.

त्यांना भीती वाटलीच. पण सात वर्षांपूर्वी वाटली होती तेवढी नाही. मग हात अजून छातीवर असतानाच त्यांची बोटं आपसूक पेरांवर चालू लागली.

“आठ वर्षं सांगितलती,” ते म्हणाले. “सात दिली की. तुझ्या गाडीपरास बरी.”

सौंदर्या हसली आणि तिनं डोळे पुसले. वीरेशनं ब्रेकवरचा पाय उचलला.